ॲन्झॅक डेची पहाट : तुमचे अनुभव लिहा

परवा २५ एप्रिल. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी : १९१५ला याच दिवशी इथलं सैन्य (ॲन्झॅक म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची एकत्र फौज) तुर्कस्तानात गॅलिपोलीला उतरलं, आठ महिने चिवटपणे लढलं आणि शेवटी परत फिरलं. हरलेल्या लढाईसाठी एवढी सुट्टी कशाला, असं मला वाटायचं, मग म्हटलं आपण तरी पानिपत कुठे विसरलोय. पहिल्या वर्षी मी ऑफिसात उत्साहाने सगळ्यांना 'हॅपी ॲन्झॅक डे' म्हणत फिरले, शेजारच्या बाई नुसत्या हसल्या आणि चहाच्या वेळी हळूच म्हणाल्या, आजीचा भाऊ तिकडेच राहिला गं. अजून आठवलं की कान गरम होतात. कोणी डॉन सर्व्हिसला, म्हणजे पहाटेच्या स्मरणसभेला, गेलायत का?

---

गेलोय, ऑकलंडला, म्युझियमसमोर. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. त्यांचं इटली स्टार मेडल साताऱ्याच्या घरी ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत पडलेलं, ते मागच्या खेपेला घेऊन आलो. लावायचं की नाही कळेना, लोक म्हणतील हा कोण. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणाला लाव ना, फक्त छातीवर उजवीकडे लाव, डावी बाजू ज्याने स्वतः कमावलं त्याची. पहाटे अंधारात उभा होतो, बाजूच्या गृहस्थांनी मेडल बघून विचारलं, इटली? त्यांचे वडील न्यूझीलंड डिव्हिजनमध्ये, एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर. आमचे आजोबा तिला कायम 'शेणी नदी' म्हणायचे, आम्ही पोरं हसायचो. तिथेच ९ एप्रिलला नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती गोष्ट तर आम्हाला पाठ होती, पण त्याच रात्री त्याच नदीवर शेजारी किवी पण होते हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग बिगुलावर लास्ट पोस्टची धून सुरू झाली, त्यामुळे बोलणं तिथेच राहिलं. नंतर गर्दीत ते दिसले नाहीत.

---

सिडनी. आमचा अनुभव जरा वेगळा, ॲन्झॅक डेचा नव्हेच. आईबाबा आले होते, त्यांना आरएसएल क्लबात (माजी सैनिकांच्या संघटनेचा क्लब) जेवायला नेलं, स्वस्त पडतं म्हणून. संध्याकाळी सहाला अचानक दिवे मंद. बाबा म्हणे, इथेही लोडशेडिंग? तेवढ्यात सगळा हॉल उभा राहिला, पोकर मशीनवाले पण, माइकवर युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या चार ओळी आणि शेवटी सगळे एका आवाजात 'लेस्ट वी फर्गेट', म्हणजे विसर न पडो. बाबा एनसीसीवाले, हातातला काटा तसाच धरून कडक सावधानमध्ये. आमच्या क्लबात हे रोज होतं.

---

मेलबर्न, २०२०, लॉकडाऊन. सर्व्हिस बंद, म्हणून सगळ्यांनी सकाळी सहाला आपापल्या ड्राइव्हवेवर मेणबत्ती घेऊन उभं राहायचं ठरलं. घरात मेणबत्ती नव्हती, दिवाळीची पणती होती. वारा असा की तीनदा विझली, शेवटी बायकोने ओंजळ धरली. कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा ट्रम्पेट वाजवत होता, मध्येच सूर चुकला, कोणी हललं नाही. त्या गल्लीत चार वर्षं राहत होतो, समोरच्यांची नावं त्या दिवशी कळली.

---

खरं सांगू? मला लाँग वीकेंड दिसतो. दुपारी एकपर्यंत दुकानं बंद, दूध आदल्या दिवशी आणून ठेवा, एवढंच माझं ॲन्झॅक. आणि एक खुपतं. अपशिंगे मिलिटरीसारख्या एका गावातून पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गेली ती परत आली नाहीत. माझ्या आजोळी पण चावडीजवळ १९१४-१९१९ची संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर आम्ही लहानपणी विट्टी आपटायचो. कधी वाचली नाही. इथे मात्र चार वाजता उठायचं?

---

वरच्यांना : उठा हो, काय बिघडतं. गॅलिपोलीत आपलेही होते, शीख, गुरखे आणि खेचरवाले. पाणी नि दारूगोळा त्या कड्यांवर खेचरांवरूनच चढायचा, आणि ती हाकणारे हिंदुस्थानी. पाटी पण वाचा पुढच्या वेळी, फोटो टाका इथे.

---

मी फक्त या दिवसाच्या ॲन्झॅक बिस्किटांबद्दल. ओट्स, खोबरं, मैदा, साखर, बटर, खायचा सोडा, अंडं नाही, त्यामुळे सासूबाईंना चालतात. गोल्डन सिरप संपलं म्हणून काकवी घातली, फर्स्ट क्लास झाली. मुलीच्या शाळेत डबा नेला तर टीचर म्हणाल्या सुंदर, फक्त कुकी म्हणू नका हं! विकायची असतील तर तसं नाव द्यायला परवानगीच नाही म्हणे. वेलची घातली होती ते मी सांगितलं नाही.