खुरीच्या वाळूच्या टेकड्या पायी चढायच्यात, सांगा काहीतरी

लातूरकर_पायपीट: डिसेंबरात आम्ही चौघं जैसलमेरला चाललोय. तिथल्या सम गावच्या टेकड्यांवर उंट-जीपांची जत्रा असते, म्हणून खुरी गाव धरलं. देवगिरी एका दमात चढतो. वाळूला वेगळं काय?

परभणीचा_पाव्हणा: लई वेगळं. मी पहिल्या दिवशी टेकडीच्या उभ्या अंगानं घुसलो. एक पाऊल वर, अर्धं खाली. खळ्यात ज्वारीच्या राशीवर चढून बघा, तसंच. वारा लागतो त्या बाजूला उतार कमी अन् वाळू दाबलेली असते. पलीकडची घसरती बाजू 30-34 अंशांची. तिकडून उतरायचं, चढायचं नाही. वर जाताना धारेधारेनं जा, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत. आणि पावलांच्या खुणांवर परतायचा भरवसा ठेवू नका, वारा पुसतो. मी असाच तासभर फिरलो, बायकोला अजून सांगितलं नाही.

नांदेडकर: बुटात वाळू भरते. गार वाळूत मी अनवाणीच जातो, काटे बघून. दुपारी मात्र तवा! पाणी माणशी 3 लिटर, रात्रीला स्वेटर.

लातूरकर_पायपीट: राशीचं लगेच कळलं. लहानपणी त्यावरून आज्यानं हाणलं होतं.