करवंदाचा जॅम आळतच नाही, काय करू?

मंडळी, मदत हवी आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, घरामागच्या डोंगरावरून पिकलेली काळी करवंदं काढली, निवडून दोन किलो भरली. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात धुतली, तरी पातेल्याच्या काठाला चिकाची चिकट रेघ बसलीच. (ती खोबरेल तेलाने निघाली, त्यामुळे चिकावर उपाय नको.)

पहिला घाणा: एक किलो करवंदं शिजवून, बिया काढायला चाळणीतून गाळून घेतली, 750 ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस. मंद आचेवर चाळीस मिनिटं. थंड बशीवर थेंब टाकला तर सरळ ओघळला. बाटलीत आज चौथा दिवस, अजून सरबतच. उरलेल्या किलोचा दुसरा घाणा घाबरून जास्त आटवला, तर चमचा उभा राहील इतका घट्ट झाला, वर साखर जळल्याचा वास.

मागाहून कळलं की पेक्टिन (फळातला जॅम घट्ट करणारा घटक) कच्च्या करवंदांत जास्त असतं, पिकल्यावर कमी होतं. माझी सगळी पिकलेलीच होती! झाडावर अजून थोडी हिरवी आहेत, पण पाऊस जवळ आलाय.

बाजारातलं पेक्टिन किंवा प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं नाही. थर्मामीटर आहे. 105 अंशांवर उतरवायचा म्हणतात, पण पातळ घाण्यात ते मोजलंच नव्हतं. गणेश चवथीपर्यंत टिकायला हवा, फ्रीजमध्ये जागा दोनच बाटल्यांची.

तर एक किलो पिकलेल्या करवंदांना हिरवी किती घालायची? आणि तो पातळ घाणा हिरव्या करवंदांचा गर घालून पुन्हा उकळला तर सुधारेल, की सरबत म्हणूनच संपवू?