मदत हवी आहे: भंडारदरा जलाशयाचा फेरा, छोटी गाडी आणि ७६ वर्षांचे बाबा

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पुण्याहून दोन दिवस भंडारदऱ्याला निघतोय. मी, बायको आणि बाबा. बाबांचे गुडघे कुरकुरतात, उत्साह मात्र भलता. वीज मंडळातून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांना धबधब्यांचं काही पडलेलं नाही. घाटघरचं वरचं धरण तेवढं बघायचंय. जेवताना साखरेचा डबा वर आणि ताकाची वाटी खाली मांडून उदंचन प्रकल्प समजावतात: विजेची मागणी चढली की पाणी खाली सोडायचं, वीज शिल्लक असली की तेच पाणी परत वर चढवायचं. २५० मेगावॅट! सूनबाईला आता पाठ झालंय.

तर प्रश्न असा. धरणाजवळच्या शेंडी गावातून निघून मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल करत पुन्हा शेंडीला यायचं, असा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा फेरा मनात आहे. तो कुठल्या बाजूने करावा?

बाबा पुढे, माझ्या डावीकडे बसतात. मुरशेतकडून निघालो तर जलाशय सगळा वेळ त्यांच्या खिडकीत. पण मग घाटघरचा कोकणकडा सकाळीच उरकतो. रतनवाडीकडून गेलो तर कड्यावर सूर्यास्त मिळतो, पण पाणी माझ्या बाजूला, आणि मी बघायचं ते रस्त्याकडे.

गाडी छोटी आहे, पोट खाली लागतं. मागच्या वर्षी (भलत्याच गावाजवळ) फोनमधल्या नकाशाने 'जवळचा रस्ता' म्हणून भाताच्या खाचरांत नेऊन सोडलं होतं. तिथे गाडी मागे घेताना बाबा खाली उतरून 'येऊ दे, येऊ दे' करत होते, आणि 'बास' म्हणाले ते चाक बांधावरून घसरल्यावर. तेव्हा अनुभवी लोकांनी सांगावं.

डोंगरमाथा: साम्रद ते घाटघर हा तुकडा विचारात घ्या. पावसाळ्यानंतर तिथे खड्डे किती बुजवलेत ते त्या त्या वर्षावर. बाकी रस्ता छोट्या गाडीला चालतो, सावकाश घ्या. पेट्रोल वाटेत मोठ्या गावातच भरून घ्या. फोनला रेंज येते-जाते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा. वनखात्याच्या नाक्यावर पैसे घेतात, सुट्टे असू द्या.

घाटवेडी: ऑक्टोबर म्हणजे अगदी वेळेवर! काजवे मे-जूनचे, ते नाहीत. पण भात पिवळं पडलेलं असतं आणि जलाशय भरलेला. अम्ब्रेला धबधब्याच्या भरवशावर मात्र जाऊ नका, धरणातून पाणी सोडलं तरच तो दिसतो. काकांना विल्सन धरणही (म्हणजे भंडारदऱ्याचंच धरण) दाखवा, १९२६ साली पूर्ण झालेलं. शंभरीचं आहे, काकांना बरोबरीचं कोणीतरी भेटेल. :)

अकोलेकर: जलाशय उजव्या हाताला ठेवून फिरलात तर ती प्रदक्षिणा. डावीकडे ठेवायचा म्हणता म्हणजे उलटी झाली. पण रतनवाडीत अमृतेश्वर बसलाय, आणि शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालतच नाहीत. सोमसूत्रापर्यंत, म्हणजे पिंडीवरचं पाणी बाहेर जातं त्या पन्हळीपर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं. तुम्हीही तेच करा की!

पहिल्या दिवशी दुपारी शेंडी ते घाटघर. बाविसेक किलोमीटर, पाणी डावीकडे. धरण बघा, मग कड्यावर या. सूर्य सहाच्या आसपास बुडतो. लगेच निघून त्याच रस्त्याने मागे फिरा, वाटेत गुरं असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मुतखेलवरून रतनवाडी. जाताना पाणी उजवीकडे, येताना काकांच्या खिडकीत. साम्रदचा तुकडा आपोआप टळतो.

अमृतेश्वर सपाटीवर आहे, रतनगड चढायचा प्रश्न नाही. पुष्करणीच्या पायऱ्या काकांनी वरूनच बघाव्यात. मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरचं कोरीव काम नीट बघायला मात्र वेळ ठेवा. जेवण गावातल्या एखाद्या घरी जाताना सांगून ठेवा, आयत्या वेळी चूल पेटत नाही. कोणाकडे काळभात (इकडचा सुवासिक तांदूळ) असेल तर आधी तोच मागा.

डोंगरमाथा: हे झकास. अर्धी-अर्धी प्रदक्षिणा मलाही सुचली नव्हती.

घाटवेडी: +१. फक्त घाटघरला वारा जबरदस्त असतो. काकांना कानटोपी, आणि कठड्यापासून लांब. फोटोसाठी मागे-मागे सरकू देऊ नका.

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. 'बरोबरीचं कोणीतरी' ऐकून जरा फुरंगटले, म्हणाले धरण माझ्यापेक्षा चोवीस-पंचवीस वर्षांनी मोठं आहे, सांग त्यांना. अर्ध्या प्रदक्षिणेवर मात्र शिक्कामोर्तब झालंय.

आता एकच विचारतो. घाटघरचं वरचं धरण रस्त्यावरून, गाडीत बसल्या बसल्या कुठून नीट दिसतं? त्यांना तिथे अर्धा तास तरी लागणार. साखरेचा डबा बरोबर घ्यायचं चाललंय.