आतडं फुटल्याचं कळल्यावर सहा तास का थांबायचं?

माळावरची: मागच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या दिराला अठरा दिवस ताप होता. गावात सलाइन, इंजेक्शनं चालूच होती. एकोणिसाव्या दिवशी एकदम पोटात कळ आली आणि पोट फळीसारखं ताठ झालं. जिल्ह्याच्या गावी नेलं. रात्री नऊला एक्स-रेत छातीच्या पडद्याखाली हवा दिसली. टायफॉइडनं आतडं फुटलंय म्हणाले. ऑपरेशनला घेतलं पहाटे तीनला! भाऊजी वाचले, पण तीन महिने पोटावर शौचाची पिशवी होती. माझं म्हणणं एकच, निदान झाल्यावर तासाभरात टेबलावर घ्यायला हवं. तोवर सगळी घाण पोटात सांडत असते.

भूलतज्ज्ञ: ताई, तुमचा संताप समजतो, पण तासाभराचा आग्रह मला पटत नाही. असा पेशंट येतो तेव्हा बीपी ८०च्या आसपास, जीभ कोरडी, लघवी जवळजवळ बंद, पोटॅशियम उतरलेलं. त्या अवस्थेत भूल दिली की बीपी आणखी कोसळतं आणि पेशंट टेबलावरच जाऊ शकतो. आधी सलाइन, नाकातून नळी, शिरेतून अँटिबायोटिक. तासाला निदान ३० मिली लघवी दिसू लागली की मला धीर येतो. हे उपचारच आहेत, टाळाटाळ नव्हे.

तालुका सर्जन: डॉक्टर, पहिले दोन तास मान्य. त्यानंतर ‘स्टेबल करतोय’ ही सबब होते. पोटात पू आणि विष्ठा असेपर्यंत बीपी टिकणार कसं? सलाइन टेबलावरही चालतं. टायफॉइडमध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या लसिका ग्रंथींवर व्रण पडतात आणि बहुधा तिसऱ्या आठवड्यात तिथेच भोक पडतं. उशीर झाला की कडा इतक्या सुजलेल्या मिळतात की टाका धरत नाही, चिरत जातो. मग पिशवीशिवाय इलाज उरत नाही. १९४८ मध्ये टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक आल्यावर काही जण छिद्रही नुसत्या औषधांवर सांभाळू पाहत. तो मार्ग मागे पडला तो उगाच नाही.

भूलतज्ज्ञ: दोन ते चार तास म्हणा, मी तुमच्या बाजूला येतो. सहा मीही म्हणणार नाही. पण पिशवीचा दोष एकट्या त्या रात्रीला देऊ नका. कळ आल्यापासून एक्स-रेपर्यंत किती वेळ गेला?

माळावरची: दुपारी दोनला कळ आली. म्हणजे सात तास आमचेच गेले. गाडी मिळेना, आणि आधी गॅसचं औषध दिलं होतं. ते मी नाकारत नाही. सिस्टर दर अर्ध्या तासानं वाकून लघवीची पिशवी बघत होत्या. ती कशासाठी, हे आज तुमच्याकडून कळलं. तेव्हा कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर आम्ही दारात भांडत बसलो नसतो. पण रक्ताची चिठ्ठी आमच्या हातात साडेअकराला पडली. रक्तपेढी समोरच्याच गल्लीत होती. तिथेही तास-दीड तास लागला. सलाइन चालू असताना, नऊ वाजताच ती चिठ्ठी का दिली नाही?

तालुका सर्जन: द्यायलाच हवी होती.