दुसऱ्या चित्रकारांचं काम बघून पात्र कसं घडवायचं?

रेघ_सातारा
मुलांच्या गोष्टीसाठी एसटीच्या कंडक्टरबाई काढतेय. वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत, खांद्याला चामडी बॅग, ड्युटी मुक्कामी गाडीवर. इन्स्टाग्रामवर पुष्कळ चित्रं सेव्ह केलीत, पण तिथे सगळ्यांचेच डोळे मोठे, नाक गुलाबी, पाय काडीसारखे. माझ्या बाईंना हा साचा नकोय. कोणाचं काम बघू? आणि बघताना नेमकं टिपायचं काय?

शाईची_दौत
आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन समोर ठेवा आणि त्याची आकृती नुसत्या काळ्या रंगाने भरून टाका. चौकड्या गेल्या, चष्मा गेला. तरी धोतर, कोट आणि टकलामागचे केस यांवरून तो ओळखू येतोच. बाईंची आकृती अशी भरून बघा. बॅगेच्या वजनाने एक खांदा खाली गेलेला दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर डोळे-नाक रंगवत बसू नका, आधी उभं राहणं बदला.

दुसरं, आवडत्या चित्रकाराला कोण आवडायचं ते शोधा. लक्ष्मण लहानपणी ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांत काढणाऱ्या डेव्हिड लो यांची व्यंगचित्रं बघत. सहीतलं इंग्रजी 'Low' ते 'Cow' असं वाचायचे! लोंच्या कुंचल्याची ठसठशीत रेघ आधी बघा, मग लक्ष्मणांकडे या. त्या रेघेने इथली माणसं, इथले रस्ते कसे काढले ते लक्षात येईल. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्यावर इंग्रज चित्रकार रोनाल्ड सर्ल यांचा प्रभाव होता, पण मारिओंच्या चित्रांत गोव्यातली माणसं, घरं, कुत्री आहेत. रेघ बाहेरून येऊ शकते, माणसं मात्र तुमच्या स्टँडवरचीच हवीत. त्यासाठी वही घेऊन सातारा स्टँडवर बसा. बाई सुटे पैसे मोजताना बोटं कशी धरतात, गाडी वळणावर असताना पाय कुठे रोवतात, हे कुठल्याच चित्रकाराकडून मिळणार नाही.

जुने_अंक
व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांना विसरू नका. शब्दाविना विनोद, म्हणजे पात्राचं सगळं बोलणं कपड्यांत आणि उभं राहण्यात. 'मोहिनी' मासिकाचं ते मुखपृष्ठ आठवा: एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. चेहऱ्यांना फारसं काही करावंच लागत नाही. जुने दिवाळी अंक ग्रंथालयात बसून बघा. मोबाईलवर बोटाने चित्र पुढे सरकतं, अंक मांडीवर असला की एका पानावर थांबता येतं.

रेघ_सातारा
खांद्याची गोष्ट पटली. मी बॅग अलगद लटकवली होती. पण एक शंका आहे: सरावासाठी हुबेहूब नक्कल केली तर चालेल ना?

शाईची_दौत
जरूर करा. हाताला रेघ कळण्याचा दुसरा रस्ता मला माहीत नाही. फक्त तो कागद अभ्यासाचा आहे. कुठे टाकलात तर मूळ चित्रकाराचं नाव लिहा, आणि प्रकाशकाला दाखवायच्या कामात तो ठेवू नका. नक्कल झाली की मूळ चित्र मिटून तीच बाई पाठमोरी काढा, मग पायरीवरून उतरताना काढा. समोर बघायला काही नसतं, तेव्हा जे निर्णय घ्यावे लागतात ते तुमचे. आणि स्केच इथे टाका, मला खरंच बघायचंय.