मातोऊ म्हणजे 'आम्ही' की 'आपण'?

एक शंका आहे, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. रेमंड फर्थचं 'वुई, द टिकोपिया' वाचतोय, १९३६ चं पुस्तक. हा फर्थ न्यूझीलंडचा मानववंशशास्त्रज्ञ, मालिनोव्स्कीचा विद्यार्थी, १९२८-२९ मधे वर्षभर टिकोपियावर जाऊन राहिला. बेट केवढं, तर पाचेक चौरस किलोमीटर, सॉलोमन बेटांच्या पार पूर्वेला, तेव्हाची वस्ती बाराशे-तेराशे. नकाशात शोधायला गेलं तर मेलानेशियात सापडतं पण माणसं आणि भाषा पॉलिनेशियन. तर पुस्तकाचं नाव त्याने मनाने नाही ठेवलेलं, तिथल्या लोकांच्या तोंडी सारखं असायचं 'मातोऊ ङा टिकोपिया', त्याचंच ते शब्दशः भाषांतर. आता इंग्रजीत 'वुई' म्हटलं की विषय संपला, मराठीत मात्र मला थांबावं लागलं. आम्ही टिकोपिया, की आपण टिकोपिया? दोन्ही कानाला बरं वाटतंय.

---

आम्ही. शंकाच नको. पॉलिनेशियन भाषांमधे आपल्यासारखेच दोन 'वुई' असतात, तातोऊ म्हणजे ऐकणारा धरून आपण सगळे आणि मातोऊ म्हणजे तुला सोडून आम्ही. न्यूझीलंडच्या माओरीतही हेच, तातोउ आणि मातोउ. उलट त्यांच्याकडे आपल्याहून जास्त बारकावा आहे, द्विवचन अजून जिवंत आहे, त्यामुळे 'आपण दोघं' वेगळं आणि 'आम्ही दोघं' वेगळं. आपलं द्विवचन संस्कृतातच राहिलं.

आणि हे आम्ही-आपण फार कमी शेजाऱ्यांकडे आहे बरं का. गुजरातीत अमे आणि आपणे, तेलुगूत मेमु आणि मनमु, तमिळमधे नांगळ आणि नाम. प्रमाण हिंदीत सगळा कारभार एकट्या 'हम'वर, भोपाळकडे 'अपन' म्हणतात तेवढंच. मराठी-गुजरातीत हे द्राविडी शेजारामुळे आलं असं बरेच अभ्यासक मानतात.

---

फरक कळायला व्याकरण कशाला, जेवायच्या वेळी कुणाच्या घरी जा. "चला, आपण जेवून घेऊ" म्हणाले तर हात धुवायचे आणि "आम्ही जेवायला बसतोय" म्हणाले तर चप्पल शोधायची 😄

---

हे भारी आहे 😂 पण मग मला त्या नावाचंच वाईट वाटायला लागलं. वर्षभर माणूस त्यांच्यात राहिला, त्यांच्या भाषेत बोलला (माओरीचा अभ्यास आधीचा असल्याने ती त्याला लवकर आली म्हणे), काफिका कुळाच्या आरिकीच्या थोरल्या मुलाशी चांगली दोस्ती झाली, आणि तरी शेवटपर्यंत मातोऊच. म्हणजे तू सोडून. आरिकी म्हणजे कुळाचा मुख्य, तिथे असे चार.

---

एवढं मनाला लावून घेऊ नका हो. ती भाषेची सक्ती आहे, त्यात दुरावा शोधायला नको. ऐकणारा टिकोपियाचा नसेल तर मातोऊशिवाय दुसरं रूपच चालणार नाही. मी कोल्हापूरची, पुण्यातल्या मैत्रिणीला सांगताना "आम्ही कोल्हापूरकर" असंच म्हणणार ना, ती कितीही जवळची असली तरी. "आपण कोल्हापूरकर" म्हटलं तर तीच दचकेल. माझ्या मते तर ते नाव प्रामाणिक आहे, ऐकणारा बाहेरचा होता हे त्या एका सर्वनामातच आलंय. इंग्रजी मुखपृष्ठावर आल्यावर ते पुसलं गेलं, मराठीत आपोआप परत येतं, भाषांतरात असं फुकटचं सहसा काही मिळत नाही.

आपलं 'आपण' मात्र तिथल्या तातोऊसारखं साधंसरळ नाही हेही लक्षात घ्या. सभेत "आपण बसावं" म्हणजे तुम्ही, आणि मुंबईत कट्ट्यावर "आपण नाय घाबरत कुणाला" म्हणजे चक्क मी.

---

आदरावरून आठवलं. टिकोपियात सासरच्या माणसांशी एकवचनात बोलत नाहीत, समोर एकटा असला तरी द्विवचन वापरतात, म्हणजे एकट्या सासऱ्याला "तुम्ही दोघं". आपण जावयाला अहो-जाहो करतो तीच युक्ती, आपल्याकडे द्विवचन नाही म्हणून सरळ अनेकवचनावर उडी.

आणखी एक, बहिणीच्या मुलाला तिथे 'तामा तापु' म्हणतात, तामा म्हणजे मूल. मामा म्हणजे तुआतिना. इंग्रजीतला टॅबू आला तो पॉलिनेशियातल्याच तापुवरून, कॅप्टन कुकने १७७७ मधे टोंगात ऐकलेला. पण तामा तापुचं 'निषिद्ध मूल' केलंत तर वाट लागेल, इथे तो पवित्र, मान राखायचा असा आहे. मला तर सोवळं हा शब्द जवळचा वाटतो, त्यातही पवित्र आणि शिवू नको हे दोन्ही एकत्र आहे. आमच्या घरी भाच्याला मामाच्या पाया पडू देत नाहीत, त्यामुळे तामा तापु मला समजावून सांगावा लागला नाही.

---

बरं, 'आम्ही' ठरलं. आता पुढचं, आम्ही टिकोपियाकर, टिकोपियावासी की नुसतं टिकोपिया? 'वासी' सरकारी वाटतंय.

---

'कर' नको, 'कर' लावला की माणूस गाव सोडून दादरला आल्यासारखा वाटतो. मुळात टिकोपिया हेच बेटाचंही नाव आणि माणसांचंही, आणि 'ङा' हे अनेकवचनाचं उपपद असल्याने त्या वाक्यात ती माणसंच आहेत हे कळतंच. आपल्याला उपपद नाही, मग 'आम्ही मराठी' म्हणतो तसं सरळ 'आम्ही टिकोपिया' ठेवा. आणि तो ङ आवर्जून ङच लिहा, न लिहू नका, वाङ्मय सोडलं तर त्या बिचाऱ्याला कुठे काम मिळतंय.