बोर्जियांच्या मेजवान्या मोजून पोपशाहीचा भ्रष्टाचार कळत नाही

जुना वाचक :
‘पोपांची पापे’ या मथळ्याचा चिकित्सक यांचा लेख वाचला आणि उत्तर दिल्यावाचून राहवेना. एकेका पोपाला उभे करून त्याच्या रखेल्या, मुले आणि विषप्रयोग यांची झडती त्यात घेतली आहे, आणि शेवटी ‘असल्या माणसांनी जगाला नीती शिकवावी काय?’ असा सवाल टाकला आहे. मला पोपांची वकिली करायची नाही. माझी तक्रार उलट आहे : या लेखाने त्यांना फार स्वस्तात सोडले आहे.

सहाव्या अलेक्झांडरला, म्हणजे रोद्रिगो बोर्जियाला, वानोझ्झा कातानेईपासून चार मुले झाली, हे त्या काळच्या रोममध्ये उघड गुपित होते. १५०१ च्या ऑक्टोबर अखेरीस चेझारे बोर्जियाच्या दालनात पन्नास गणिकांनी जमिनीवर टाकलेली चेस्टनट वेचली, असे पोपाचा समारंभप्रमुख बुर्खार्ड आपल्या रोजनिशीत लिहितो. ते खरे असेल अथवा नसेल. पश्चिमेचा ख्रिस्ती युरोप दुभंगला तो या मेजवानीने नव्हे. तो दुभंगला दहाव्या लिओच्या कारकिर्दीत, मार्टिन ल्यूथरच्या बंडाने, आणि या लिओच्या नावावर ना रखेल आहे ना मूल. त्याला वयाच्या तेराव्या वर्षी कार्डिनल केले होते ते आठव्या इनोसंटने, ज्याचा मुलगा लिओच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता.

आता खरा व्यवहार पाहा. जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गच्या अल्ब्रेख्तकडे माग्डेबुर्गचे आर्चबिशपपद आधीच होते आणि वयही नियमात बसत नव्हते, तरी १५१४ मध्ये त्याला माइन्झचे आर्चबिशपपदही हवे होते. नियम बाजूला ठेवण्याची किंमत रोमने १०,००० डुकाट (सोन्याची नाणी) लावली, अल्ब्रेख्तने आउग्सबुर्गच्या फुग्गर पेढीकडून कर्ज उचलले, आणि ते फेडता यावे म्हणून लिओने त्याच्या प्रांतांत क्षमापत्रे, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट देणारे कागद, विकण्याची मुभा दिली. सेंट पीटरच्या नव्या बासिलिकेसाठी म्हणून पेटीत पडलेल्या पैशातील निम्मा वाटा रोमचा आणि निम्मा सावकाराचा होता, आणि मेलेल्या आईच्या आत्म्यासाठी नाणे टाकणाऱ्या बाईला याचा पत्ताही नव्हता. क्षमापत्रे खपवणारा धर्मगुरू योहान टेट्झेल प्रवचन देई आणि पेढीचा माणूस पेटीवर नजर ठेवी. इथे कोणाचेही चारित्र्य बिघडलेले नाही; सगळे कागदोपत्री चोख आहे. माझ्या मते भ्रष्टाचार म्हणतात तो हा.

वसईवाला :
आपण निदान शयनगृहातून बाहेर आलात, याबद्दल आभार. मात्र आपण दोघेही एक भेद जाणूनबुजून विसरता. पद वेगळे आणि पदावरचा माणूस वेगळा, हे संत ऑगस्टीनने पापी धर्मगुरूचे संस्कार न मानणाऱ्या डोनाटस पंथीयांशी वाद घालताना सोळाशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे : साक्रामेंताचे, म्हणजे धर्मसंस्काराचे, मोल ते देणाऱ्याच्या चारित्र्यावर अवलंबून नसते. १८७० मध्ये जाहीर झालेली पोपाची अस्खलनशीलता, म्हणजे त्याची शिकवण चुकू शकत नाही हे तत्त्व, हीसुद्धा श्रद्धा आणि नीती यांविषयीच्या अधिकृत शिकवणुकीपुरती आहे. पोप पाप करीत नाही, असे आम्हाला कोणी कधी शिकवलेले नाही.

आमच्या लहानपणी धर्मग्रामात एक फादर होते. ते पीत असत, हे साऱ्या गावाला ठाऊक होते, आणि माझे वडील त्यांच्याशी बोलत नसत. आजोबा शेवटच्या घटका मोजत होते त्या रात्री पावसाने रस्ता वाहून गेला होता, आणि हेच फादर गुडघाभर चिखलातून मरणासन्नाला लावायच्या पवित्र तेलाची कुपी छातीशी धरून आले. त्या रात्री आजोबांना जे मिळाले ते खोटे होते, असे कोणी मला तोंडावर सांगून पाहावे.

आणखी एक. दहाव्या शतकातील पोप बाराव्या जॉनबद्दल चिकित्सक यांनी जे रंगवले आहे, ते बहुतांशी क्रेमोनाच्या लिउटप्रांडने लिहिलेले आहे, आणि हा गृहस्थ त्या पोपाला ९६३ मध्ये पदच्युत करणाऱ्या सम्राट ओट्टोचा माणूस होता. शत्रूच्या दरबारातली साक्ष इतक्या निमूटपणे आपण एरवी कधी मान्य करता?

चिकित्सक :
आजोबांविषयी आदर राखून विचारतो : ऑगस्टीनचा हा सिद्धान्त खुद्द रोमला मान्य होता काय? ८९७ मध्ये सहाव्या स्टीफनने आपल्या पूर्वीच्या पोपाचे, फॉर्मोससचे, प्रेत थडग्यातून काढवले, त्याला पोपाची वस्त्रे चढवून सिंहासनावर बसवले, आणि त्याच्या वतीने उत्तरे देण्यासाठी एक डीकन (कनिष्ठ धर्माधिकारी) उभा केला. निकाल लागल्यावर आशीर्वाद देणारी उजव्या हाताची तीन बोटे तोडली आणि धड टायबर नदीत फेकले. या तमाशात वाचक बोटांपाशी थांबतात. मी पुढच्या वाक्यापाशी थांबतो. फॉर्मोससने दिलेल्या दीक्षा रद्द ठरवण्यात आल्या. म्हणजे माणूस वाईट ठरला म्हणून त्याने दिलेला संस्कारही बाद झाला, आणि हे ठरवणारा स्वतः पोप होता. त्याच वर्षी त्याचाही तुरुंगात गळा आवळला गेला, हा भाग वेगळा. पद आणि माणूस यांतला भेद सोयीचा असतो तेव्हाच आठवतो, असे म्हटले तर आपल्याला राग येईल, येऊ द्यावा.

जुना वाचक यांनी हिशेबाची वही उघडली, ते बरे केले. पण वहीत गोव्याचे पान त्यांनाही दिसले नाही, याचे नवल वाटते.

म्हापसेकर :
ते पान मी उघडतो, कारण ते आमच्या घरचे आहे. १४५५ मध्ये पाचव्या निकोलसने पोर्तुगालच्या राजाला समुद्रापारचे मुलूख जिंकण्याचा आणि तिथल्या लोकांना गुलाम करण्याचा परवाना दिला. पुढे पाद्रुआदो नावाच्या राजाश्रयाच्या व्यवस्थेखाली पूर्वेकडील बिशप नेमण्याचा हक्कही राजाच्या पदरात पडला. त्या झाडाला गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायपीठाचे, फळ लागले आणि मधला चार वर्षांचा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत पिकत राहिले. १७३६ चा जाहीरनामा पाहा. लग्नघरातल्या ओव्या गुन्हा ठरल्या, अंगणातली तुळस गुन्हा ठरली. पकडले जात ते हिंदूंपेक्षाही अधिक करून आमचेच बाटलेले पूर्वज, कारण त्यांनी आजीची रीत सोडली नव्हती. बोर्जियाच्या मुलांनी आमचे काहीच बिघडवले नव्हते. त्याच्याच १४९३ च्या फर्मानाने स्पेन-पोर्तुगालात जग वाटून टाकण्याची जी सवय लावली, तिने मात्र बिघडवले.

वसईवाला :
दुःख मान्य, आरोपपत्र अमान्य. तिसऱ्या पॉलने १५३६ मध्ये पोर्तुगालला इन्क्विझिशन दिले ते राजा तिसऱ्या जॉनने वर्षानुवर्षे तगादा लावल्यावर. त्याआधी १५३३ मध्ये सातव्या क्लेमेंटने तिथल्या नवख्रिस्ती, म्हणजे बाटलेल्या, ज्यूंना सरसकट माफी दिली होती. १६७४ मध्ये तर दहाव्या क्लेमेंटने पोर्तुगीज इन्क्विझिशनचे काम स्थगित केले, आणि खटल्यांचे कागद मागितले तर ते द्यायला तिथल्या अधिकाऱ्यांनी नकार दिला. गोव्याचे न्यायपीठ लिस्बनच्या हाताखाली होते. राजाच्या गुन्ह्याची पावती पोपाच्या नावाने फाडू नये.

म्हापसेकर :
१५३३ ची माफी मिळवण्यासाठी नवख्रिस्तींनी रोममध्ये वकील ठेवून पैसा ओतला होता, आणि उलट बाजूने राजाचाही वकील तिथेच बसला होता, हे आपण गाळले. १६७४ चा हुकूमही जेमतेम सात वर्षे टिकला. १६८१ मध्ये दुकान पुन्हा उघडले. परवाना देणाऱ्याने ‘मी फक्त सही केली’ म्हणावे, हे आमच्या मामलेदार कचेरीतही कोणी ऐकून घेत नाही.

नगरचा मास्तर :
आम्ही अमेरिकन मिशनच्या परंपरेतले, म्हणजे पोप नसलेले ख्रिस्ती. रोमच्या नावाने बोटे मोडण्यात आमची हयात गेली. परंतु मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या जमिनी आमच्या डोळ्यांदेखत ज्या रीतीने विकल्या गेल्या, त्यात ना पोप होता ना कार्डिनल, तर रीतसर निवडून आलेली समिती होती. मी हिशेब मागितला तेव्हा माझ्या मुलीच्या लग्नाला चर्चची वेळ मिळेना. तेव्हा भ्रष्टाचार मुकुटातून येतो, हे मला पटत नाही. तो न विचारलेल्या हिशेबातून येतो. म्हापसेकर, आपला राग रास्त आहे, पण तो राग लिस्बनला न लावता सगळा रोमला लावणे म्हणजे समितीला सोडून बिशपाला शिव्या देणे.

जुना वाचक :
मास्तर, जमिनीचा प्रश्न गंभीर आहे, तरी तो इथे चालवू नये. गोव्याच्या निमित्ताने मूळ मुद्दा मात्र अधिक स्पष्ट झाला. पोपाला औरस वारस नसतो आणि कारकीर्द सहसा थोडी असते, म्हणून तो जे हाताशी आहे ते विकत असे आणि विश्वासासाठी पुतणे नेमत असे. चौथ्या सिक्स्टसने भाचे-पुतणे कार्डिनल केले, तिसऱ्या पॉलने चौदा आणि सोळा वर्षांचे नातू केले. दुसऱ्या ज्युलियसने स्वतः पैसे चारून पद मिळवले आणि १५०५ मध्ये विकत घेतलेली निवड रद्दबातल ठरेल, असे फर्मान काढले. पुतणेशाहीला कायद्याने आळा बसला तो थेट १६९२ मध्ये, बाराव्या इनोसंटच्या हातून. अल्ब्रेख्तला विकलेली सूट आणि लिस्बनला दिलेला पाद्रुआदो या एकाच पद्धतीच्या दोन शाखा आहेत : आज निकड भागवायची आणि उद्याचा अधिकार गहाण टाकायचा.

वसईवाला :
तरीही याच संस्थेने आपल्या तोंडाने कबुली दिली, हे एकदा लिहा. १५२३ मध्ये सहाव्या एड्रियनने नुरेंबर्गला भरलेल्या जर्मन संस्थानिकांच्या सभेत आपल्या वकिलामार्फत सांगितले की रोग डोक्यातून अवयवांत, पोपांकडून धर्माधिकाऱ्यांत उतरला आहे. लोरेंझो वाल्लाने १४४० मध्ये पोपांना राज्याधिकार देणारे म्हणून दाखवले जाणारे सम्राट कॉन्स्टंटाइनचे दानपत्र बनावट असल्याचे दाखवले, आणि पुढे त्यालाच पाचव्या निकोलसने आपल्या कचेरीत घेतले. कोणत्या राजाने इतके सोसले? गोव्याचेच घ्या : दिवाडीच्या मातेउश द कास्त्रो यांना रोमने १६३७ मध्ये बिशप केले, तेही पोर्तुगीजांच्या नाकावर टिच्चून.

म्हापसेकर :
केले, आणि गोव्याच्या पोर्तुगीज आर्चबिशपने त्यांची कागदपत्रे मानली नाहीत. आमच्या मातीतला पहिला बिशप गोव्याबाहेर, आदिलशाही मुलखातल्या डिचोलीत जाऊन बसला. रोमला त्याला त्याच्या गावात बसवता आले नाही, कारण ती किल्ली आधीच दुसऱ्याला देऊन झाली होती. एड्रियनची कबुली खरी होती, एवढे मी देतो. तो त्याच वर्षी वारला आणि रोमने सुटकेचा निःश्वास टाकला, हे आपण द्यावे.

वसईवाला :
दिले. रोमचे लोक तेव्हाही कृतघ्न होते.

चिकित्सक :
मीही माझा वाटा देऊन टाकतो. लिउटप्रांड ओट्टोचा माणूस होता, हे मान्य. यापुढे दहाव्या शतकातील पोपांना मी केवळ त्यांच्या मित्रांच्या साक्षीवरूनच दोषी ठरवीन; वसईवाल्यांनी असा एखादा मित्र शोधून द्यावा.